डबल बेल: पोरांना रात्री गोष्ट कशी सांगायची

मी एसटीत कंडक्टर आहे. राहायला कराडला. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुक्कामी गाडीवर जातात, उरलेल्या घरी. घरात आई, बायको, सात वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. गोष्टी सांगायचं कसलं शिक्षण मी घेतलेलं नाही. तरी आगारातली नवीन बाप झालेली पोरं कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता विचारतात, "तुमची दोघं नवाला झोपतात म्हणे, कसं काय?" त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगत आलो, ते एकदा सलग लिहून काढतोय.

"मला गोष्टी येत नाहीत" म्हणणाऱ्याला मी विचारतो, चिऊ-काऊ येते का? भोपळ्यातली म्हातारी येते का? मग सहा महिन्यांचा माल आहे तुमच्याकडं. पोरांना रात्री कालचीच गोष्ट हवी असते. आमच्या रूटवर रोजचे पॅसेंजर खिडकीला डोकं टेकून झोपतात, पण ड्रायव्हरनं एखाद्या फाट्याला ब्रेक मारला नाही की तोच झोपलेला माणूस ओरडतो, "ओ कंडक्टर, आमचा फाटा गेला!" धाकट्याच्या गोष्टीत म्हातारीला आधी कोल्हा भेटतो, मग लांडगा, मग वाघ. एका रात्री मी दमून आलो होतो, लांडगा गाळला. पोरगं टुणकन उठून बसलं. "लांडगा कुठं गेला?" मग लांडगा मागं जाऊन घेऊन यावा लागला, आणि सगळी झोप परत पहिल्यापासून. तेव्हापासून मी थांबे चुकवत नाही.

वेळ उलटी मोजा

शाळा नऊची झाली तरी रिक्षावाले काका सव्वाआठला दारात असतात, म्हणून थोरलीला साडेसहाला उठवावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या पोरांना ९ ते १२ तास झोप लागते. तीन-चार वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३. साडेसहातून साडेनऊ तास मागं गेलं की रात्रीचे नऊ येतात. म्हणजे गोष्ट पावणेनऊला सुटली पाहिजे. दात, शू, पाण्याचा तांब्या, उद्याच्या दप्तराची शोधाशोध हे त्याच्या आधी. नाहीतर ऐन जंगलात "पप्पा, तहान लागली" सुरू होतं.

सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते पोरांची झोप पुरी व्हावी म्हणून. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांनी त्याचा अर्थ असा काढला की आता रात्रीची मालिका शेवटपर्यंत बघायला हरकत नाही.

मोबाईल आमच्याकडं स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवतात, माझाही. खिशात ठेवून बघितला होता. डेपोतनं मेसेज आला की हात आपोआप तिकडं जातो आणि अंधारात उजेड पडतो. त्या उजेडात पोरांचे डोळे मांजरासारखे उघडतात.

सुटायची खूण

एसटीत कंडक्टरनं एकदा घंटी वाजवली की गाडी थांबते, दोनदा वाजवली की सुटते. आमची कॉट लोखंडी आहे. दिवा घालवला, झिरोचा बल्ब लावला की मी अंगठीनं कॉटच्या पाइपवर दोनदा वाजवतो. टिंग टिंग. त्यानंतर बोलायचा हक्क गोष्टीचा. तुम्ही घंटी वाजवा नाहीतर "आटपाट नगर होतं" म्हणा. आमची आई अजून तेच म्हणते, श्रावणातल्या कहाण्यांतलं. खूण रोज तीच पाहिजे एवढंच. चार महिन्यांत अशी गत झाली की टिंग टिंग ऐकलं की धाकट्याला जांभई येते. दुपारी गंमत म्हणून वाजवली तरी येते.

घंटी कुणी वाजवायची यावरून भांडणं होतील. आमच्यात एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा. कुणाचा दिवस हे थोरलीच्या वहीत लिहिलेलं असतं, माझ्या वेबिलापेक्षा (तिकिटांच्या हिशेबाच्या कागदापेक्षा) चोख.

आडवे व्हा

बसून गोष्ट सांगू नका. बसलं की हात हलायला लागतात, हात हलले की नाटक सुरू होतं. पहिल्या वर्षी मी वाघाची डरकाळी फोडायचो, कोल्ह्यासारखा चालून दाखवायचो. पोरं गादीवर उड्या मारायची. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, झोपवताय का सर्कस काढलीय?" आता मी दोघांच्या मध्ये उताणा पडतो आणि वरच्या पंख्याकडं बघत बोलतो. आमचा वाघ हल्ली सर्दी झाल्यासारखा बोलतो. त्यानं काही बिघडलेलं नाही. भीती वाटायची तेवढी वाटते.

भोपळा कसा चालवायचा

ही एक गोष्ट नीट जमली की बाकीच्या जमतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

म्हातारी लेकीकडं निघते. वाटेत एकेक जनावर आडवं येतं, आणि ती प्रत्येकाला तेच सांगते: लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. इथपर्यंत आवाज नेहमीचा ठेवा. हे वाक्य पोरांना म्हणू द्या, तोंडाला काम मिळालं की हातपाय थांबतात.

मग लेकीचं घर येतं. गोष्टीच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात आणि तिथंच सगळं वाया घालवतात. झोप याच घरात आहे. मी म्हातारीला तिथं चांगली आठ दिवस ठेवतो. सोमवारी लेकीनं काय केलं? गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. मंगळवारी? मऊ भात, मेतकूट, तूप. बुधवारी धाकटा सांगतो: श्रीखंड. त्याचं दर बुधवारी श्रीखंडच असतं. जेवून झालं की म्हातारीला वाकळ घालून देतात, नातवंडं पाय चेपतात, बाहेर पाऊस पडत असतो. प्रत्येक वाराला आवाज थोडा खाली, आणि दोन वारांमध्ये एक श्वास जास्त. शुक्रवारपर्यंत मलाच जांभया यायला लागतात. त्या दाबू नका, पोरांच्या कानाशी चांगली मोठी द्या.

परतीला म्हातारी भोपळ्यात बसते. "म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक." पहिल्या जनावराला हे नेहमीच्या चालीत. दुसऱ्याला टुणूक... आणि बराच वेळानं दुसरं टुणूक. तिसऱ्याला नुसता श्वास सोडल्यासारखं. घाट उतरताना ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्याच जोरावर धरून आणतो, तसं. आमच्या धाकट्यानं गेल्या दोन महिन्यांत वाघापर्यंतचा परतीचा प्रवास एकदाही जागेपणी केलेला नाही.

आता या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पोरगं झोपलं असं वाटलं की लगेच गप्प बसू नका. रात्रीच्या गाडीत इंजिन चालू असेपर्यंत पन्नास माणसं घोरत असतात, गाडी थांबून इंजिन बंद झालं की सगळी एकदम डोळे उघडून विचारतात, "कुठलं आलं?" आवाज थांबणं हाच झोपलेल्याला मोठा आवाज असतो. म्हणून डोळे मिटल्यावर दोन-तीन मिनिटं काहीही बोलत राहा. मी रूटवरचे थांबे पुटपुटतो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, पोफळी, शिरगाव, चिपळूण. मग हळूच थांबा.

चिऊ-काऊची गोष्ट वेगळ्या कामाची. ती ताणता येते. पोरगं ताजंतवानं असेल, दुपारी जास्त झोपलं असेल, तेव्हा ती काढायची. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो चिऊताईच्या दारात उभा, आणि चिऊताई म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, अंग पुसते. थांब, पावडर लावते, तीट लावते, अंगडं घालते, दूध पाजते, थोपटते. पोराला झोप लागायला जेवढी कामं लागतील तेवढी चिऊताईला लावा. थोपटण्याच्या वेळी आपणही थोपटायचं.

या गोष्टीवरून आमच्यात एकदा वाद झाला. आईच्या गोष्टीत शेवटी कावळा आत येऊन तापल्या तव्यावर बसतो आणि त्याला चटका बसतो. थोरली चार वर्षांची असताना यावर रडायला लागली. मी कावळ्याला तव्यापासून उठवून चुलीपाशी उबेला बसवला. आई म्हणाली, "अरे, तुला हीच सांगून झोपवलाय, तुला काय झालं?" खरं तर मला काही झालं नव्हतं. पण रडणाऱ्या पोरीला रात्री नऊ वाजता कोण समजावणार? पुढं सहाव्या वर्षी थोरलीनंच आजीकडून तवा परत मागून घेतला. सगळ्याच गोष्टी पुसून-धुऊन गुळगुळीत करू नका असं माझं मत आहे, वाघानं खायला येणं राहू द्या. आपलं पोरगं कशाला घाबरतं आणि कशाला घाबरायला त्याला आवडतं, हे आपल्यालाच दिसतं.

माझं चुकलं ते

एकदा ड्रायव्हर लोकांत ऐकलेली घाटातल्या पांढऱ्या साडीची गोष्ट घरी सांगितली. मला वाटलं थोरलीला मजा येईल. पुढचे आठ दिवस ती एकटी बाथरूमला गेली नाही आणि बायको माझ्याशी धड बोलली नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. थोरली गृहपाठ टाळत होती. मी एक राजपुत्र बनवला, तो अभ्यास करत नसे, मग राज्य गेलं वगैरे. ती शांतपणे ऐकून घेतल्यावर म्हणाली, "पप्पा, हा राजपुत्र म्हणजे मीच ना?" आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. पुढचे दोन दिवस "मला गोष्ट नको" म्हणाली. दिवसाची तक्रार दिवसाच सांगावी, सरळ तोंडावर. रात्रीच्या गोष्टीत ती लपवून आणली की पोरांना वास येतो.

आणि हो, कधीकधी मीच आधी झोपतो. म्हातारी मंगळवारी जेवायला बसते आणि मी म्हणतो, "सुट्टे द्या, सुट्टे." थोरली दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगते.

स्वतःची गोष्ट

जुन्या गोष्टींवर पोट भरलं की थोरल्या पोरांना नवीन लागते. ती बनवायला फार डोकं लागत नाही. कुणीतरी कुठूनतरी निघालंय, त्याच्याकडं एक वस्तू आहे, वाटेत तीन अडचणी येतात, आणि शेवटी ते घरी पोचून झोपतं. शेवटी झोपलंच पाहिजे. साहस करून जागं राहणारा नायक रात्रीच्या उपयोगाचा नाही. तीनपेक्षा जास्त अडचणी घालू नका, तुम्हीच विसराल आणि पोरं विसरणार नाहीत.

माल तुमच्या दिवसात असतो. एका सकाळी हेळवाकला एक मावशी चढल्या, पिशवीत कोंबडा. कुंभार्ली घाटात धुकं होतं, आत अंधारून आलेलं. कोंबड्यानं पिशवीतनं मान बाहेर काढली आणि जोरात बांग दिली. मागं झोपलेले एक आजोबा दचकून उठले आणि पिशवी घेऊन दाराकडं चालायला लागले. एवढंच घडलं होतं. घरी सांगितलं तर थोरलीनं विचारलं, "कोंबड्याला खिडकी मिळाली का?" हा प्रश्न मला सुचला नसता. त्या प्रश्नावर गेले सात-आठ महिने ती गोष्ट चाललीय. कोंबडा आता एकटाच प्रवास करतो. तो खिडकीसाठी भांडतो, त्याच्याकडं कधीच सुट्टे नसतात, आणि पोफळीला उतरायचं असतं पण तो दरवेळी पुढं जातो.

खरी माहितीही या पोत्यात घालता येते. एका रात्री कोंबडा १ जून १९४८ ला गेला, पुणे आणि नगरच्या रस्त्यावर पहिली एसटी धावली त्या दिवशी. लाकडी बॉडी, वर कापडाचं छप्पर. "मग छपरावर चोच मारली तर?" हे धाकट्याचं. वर्षं-बिर्षं त्याच्या डोक्यात राहिली नाहीत, कापडाचं छप्पर राहिलं. थोरलीच्या डोक्यात दोन्ही राहिलं.

याच कोंबड्यापायी एक गोष्ट बाहेर आली. गेल्या दिवाळीनंतर थोरली गप्प गप्प असायची. जेवताना विचारलं की "काही नाही". एका रात्री कोंबडा गाडीत बसलेला असताना तिनं अंधारातच विचारलं, "त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं का?" मी म्हटलं, नव्हतं बहुतेक. "मग तो डबा कुणाबरोबर खायचा?" मला कळलं. पण मी शाळेचं नाव काढलं नाही. म्हटलं, पहिले दोन दिवस एकटाच खायचा, तिसऱ्या दिवशी कंडक्टरच्या सीटवर येऊन बसला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सगळं सांगितलं, बाकावरची मैत्रीण दुसरीकडं बसायला लागली ते, खोडरबरावरून झालेलं भांडण ते. तोंडं एकमेकांकडं नसतात, अंधार असतो, आणि बोलणं कोंबड्याविषयी चाललेलं असतं, म्हणून निघतं. अशा वेळी गोष्ट सोडून प्रश्नांच्या फैरी झाडू नका. कोंबड्याच्याच तोंडून उत्तर द्या. बाकीचं सकाळी बायको बघते.

माझ्यापुरतं सांगायचं तर, दिवसभर सुट्ट्या पैशांवरून, सीटवरून, उशिरा आलेल्या गाडीवरून शंभर माणसांची बोलणी ऐकून घरी येतो. पूर्वी ती सगळी गादीपर्यंत यायची आणि मी अकरापर्यंत छताकडं बघत बसायचो. आता दिवसभर बोलणी ऐकताना मधूनच मनात येतं, हे कोंबड्याला देता येईल.

दोन पोरं, दोन वयं

आधी धाकट्याची, पाच-सात मिनिटांची. तो झोपला की थोरलीची, कुजबुजत. उलटं केलं तर धाकटा मध्ये मध्ये लांडगा मागत राहतो. थोरलीला कधी कधी धाकट्याला गोष्ट सांगायचं काम द्या. ती माझ्यापेक्षा शिस्तीत सांगते, एकही वार चुकवत नाही.

पुस्तकं हवीत ना, हवीतच. पण आडवं पडून, झिरोच्या बल्बमध्ये वाचता येत नाही. मी दुपारच्या सुट्टीत वाचतो आणि रात्री तोंडी सांगतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठीत चित्रांची पुस्तकं फुकट आहेत. संध्याकाळी उजेडात चित्रं दाखवा, तीच गोष्ट रात्री बिनचित्राची सांगा.

"अजून एक" यावर आमचा नियम: गोष्ट संपली की एकदाच टिंग. गाडी थांबली. मग अजून एक नाही, रडलं तरी नाही. पहिला आठवडा जड जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या धाकट्यानं एक टिंग झाल्यावर स्वतःच कॉटवर दोनदा वाजवून बघितलं, चालतंय का म्हणून. हसू आलं तरी मी सुटलो नाही.

मुक्कामाच्या रात्री

ज्यांची रात्रपाळी आहे, फिरतीचं काम आहे, त्यांनी हे वाचा.

मी आधी गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होती. एकच दिवस चालली. धाकट्यानं मोबाईलला विचारलं, "श्रीखंड?" आणि मोबाईल पुढं बोलत राहिला. तो इतका चिडला की बायकोनं मला रात्री फोन करून बोलणी दिली. व्हिडिओ कॉलही नको. तोंड दिसलं की पोरं गाडी दाखवा, ड्रायव्हर काका दाखवा करत बसतात. साधा फोन, स्पीकरवर, उशाशी पालथा ठेवलेला. दहा मिनिटं. घंटी तिकडून पोरंच वाजवतात.

माझा मुक्काम कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावाला असतो. गाडी देवळापुढं लावायची, जेवण गावात, झोपायचं गाडीतच. रेंज फक्त मागच्या दाराच्या पायरीवर येते. पावणेनऊला मी तिथं उकिडवा बसतो, शेजारी मच्छर अगरबत्ती, आणि फोनवर हळू आवाजात कोंबडा पोफळीला उतरतो की नाही ते सांगतो. ड्रायव्हर लांबच्या सीटवर आडवे झालेले असतात. वयानं माझ्यापेक्षा मोठे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पहिले काही दिवस कूस बदलायचे, मला वाटायचं त्रास होतोय. परवा मध्येच रेंज गेली. मी फोन हातात धरून हॅलो हॅलो करत होतो, तर आतल्या अंधारातनं आवाज आला, "अरे, मग पुढं काय झालं?" पोरांचा फोन परत लागला नाही, म्हणून उरलेली गोष्ट त्यांनाच सांगितली. सकाळी गाडी सुरू करताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझी ड्युटी दुसऱ्या रूटला लागलीय. तो पोफळीला उतरला तर तेवढं कळव."